पाणी आहे, पण चढत नाही

पत्र : "दर रविवारी सकाळी आम्ही मंडईत भाजीला जातो आणि परतताना फुले घेतो. डझनभर डच गुलाब, पाच-सहा जर्बेरा आणि निशिगंधाच्या थोड्या छड्या, एवढा आमचा नेम आहे. माहेरून आलेल्या पितळी घागरीत ती फुले मी जेवणाच्या टेबलावर ठेवते. मंगळवारी गुलाब माना टाकतात, बुधवारी जर्बेरा मधूनच वाकतात, निशिगंधाच्या वरच्या कळ्या न उमलताच सुकतात आणि पाण्याला वास येऊ लागतो. सासूबाई पाण्यात रुपयाचे नाणे टाकायला सांगतात, जाऊबाई ॲस्पिरिनची गोळी सुचवतात आणि साखरेने फुले टिकतात असे मी स्वतः कुठेतरी वाचले होते. तिन्ही उपाय एकदम केले, तर पाणी एक दिवस आधीच नासले. यजमानांचे म्हणणे असे की, फूलवाला शिळा माल गळ्यात मारतो. आमच्या सोसायटीत बोअरचे पाणी सॉफ्टनरमधून येते, त्याचा काही संबंध असेल का? येत्या महिन्याच्या पहिल्या रविवारी मुलीचा साखरपुडा घरीच करायचा आहे आणि फुलांची मांडणी आपणच करावी अशी तिची हौस आहे. शुक्रवारी आणलेली फुले रविवारपर्यंत टिकतील का?" — एक वाचक, धायरी

सप्रेम नमस्कार.

आपल्या यजमानांच्या शंकेपासून सुरुवात करते, कारण त्यांचे म्हणणे अगदीच निराधार नाही. "आज सकाळचा माल आहे ना?" या प्रश्नाला मंडईत कोणी "नाही" असे उत्तर दिल्याचे मी आजवर ऐकलेले नाही, त्यामुळे तो प्रश्न विचारण्यापेक्षा जुडी उलटी करून देठांची टोके पाहावीत. टोक हिरवट आणि कोरडे-स्वच्छ असेल तर माल ताजा आहे. तपकिरी पडलेले, बोटाला बुळबुळीत लागणारे टोक असेल तर ती फुले बादलीत बराच काळ उभी होती असे समजावे. गुलाबाची कळी देठाजवळच्या फुगीर भागाशी दोन बोटांत हलकेच दाबून पाहावी, ती भरीव लागली पाहिजे. मात्र बाहेरच्या एक-दोन पाकळ्या हिरवट, जाडसर किंवा किंचित खरचटलेल्या असतील तर त्यावरून माल शिळा ठरवू नये. त्या पाकळ्या आतल्या फुलाचे रक्षण करण्यासाठीच असतात आणि घरी आणल्यावर त्या अलगद काढून टाकता येतात. फार घट्ट, टोकदार कळ्या अधिक दिवस टिकतील या समजुतीने आपण त्या निवडत असाल तर तेही सोडून द्यावे. वेळेआधी तोडलेल्या गुलाबाची मान कोवळी राहते, आणि अशी कळी बहुधा उमलण्याआधीच खाली पडते.

तरीही रविवारी ताठ असलेला गुलाब मंगळवारी मान टाकतो, यात मला फूलवाल्यापेक्षा घागरीचा दोष अधिक दिसतो. तोडलेले फूल पाण्यात उभे असले म्हणजे त्याला पाणी मिळतेच असे नाही. देठात केसाहून बारीक नळ्या असतात. पाने आणि पाकळ्या यांतून ओलावा हवेत जात राहतो आणि त्या ओढीने खालचे पाणी या नळ्यांतून वर चढते. नळीच्या तोंडाशी अडथळा आला की घागर काठोकाठ भरलेली असूनही फूल तहानेने सुकते. असा अडथळा दोन कारणांनी येतो. देठ हवेत कापला की कापाशी हवा आत ओढली जाते आणि तिचा बुडबुडा नळीत अडकतो. दुसरे म्हणजे पाण्यात वाढणारे जिवाणू आणि त्यांचा चिकट साका नळ्यांची तोंडे बुजवून टाकतो. आपल्या घागरीतल्या पाण्याला येणारा वास हीच या दुसऱ्या कारणाची खूण आहे.

आपण दुधाचे पातेले ज्या निगुतीने घासता, त्याच निगुतीने फुलदाणी घासावी, एवढी एक गोष्ट केलीत तरी निम्मे काम झाले. नुसते विसळलेल्या पातेल्यात दूध तापवले तर ते नासते हे सर्वांना ठाऊक असते, पण फुलदाणी मात्र आपण वर्षानुवर्षे विसळूनच ठेवतो. अरुंद गळ्याच्या घागरीत हात जात नाही, आणि गळ्याच्या आतल्या वळणावर हिरवट पापुद्रा साचून राहतो. बाटली घासायच्या ब्रशने, भांड्यांच्या साबणाने ती घासावी आणि नंतर पूर्ण कोरडी होऊ द्यावी. त्याहूनही सोपा मार्ग असा की, माहेरची घागर टेबलावर जरूर असू द्या, पण फुले तिच्या आत बसेल अशा काचेच्या किंवा प्लॅस्टिकच्या उभट बरणीत ठेवा. पुढे सांगणार असलेले पाणी किंचित आंबट असते आणि त्यात थोडे ब्लीचही असते. ही दोन्ही पितळेला मानवत नाहीत.

आता देठ कापण्याविषयी. कात्री देठाला चेपते आणि नळ्या दबून बसतात, म्हणून धारदार सुरी वापरावी. विळीला चांगली धार असेल तर तिचा कापही स्वच्छ येतो, फक्त कापल्याबरोबर देठ लगेच पाण्यात जायला हवा. मी स्वतः परातीत चार बोटे पाणी घेते, देठाचे टोक पाण्याखाली धरते आणि पाण्यातच सुरीने दीड-दोन इंचांचा तुकडा उडवते. कधी कधी कापाच्या जागी एक बारीक बुडबुडा सुटून वर येताना दिसतो. काप तिरका द्यावा असे सर्वत्र सांगितले जाते, आणि ते योग्यही आहे, पण त्याचे कारण थोडे वेगळे आहे. तिरक्या कापाने नळ्यांची संख्या वाढत नाही. देठ बरणीच्या तळाला सपाट टेकून बंद होत नाही, एवढाच त्याचा मुख्य उपयोग. शेवंतीसारख्या कडक देठाचे टोक बत्त्याने ठेचण्याची जुनी पद्धत मात्र सोडावी, कारण ठेचलेल्या भागातून रस पाण्यात उतरतो आणि जिवाणूंना आयतेच खाद्य मिळते. याच कारणाने पाण्याखाली जाणारे प्रत्येक पान काढून टाकावे. काटे काढताना सालपट सोलू नये.

सासूबाईंच्या नाण्याबद्दल लिहिताना थोडा संकोच वाटतो, कारण तांब्याच्या भांड्यात रात्रभर ठेवलेल्या पाण्यातले जिवाणू कमी होतात ही गोष्ट खरी आहे आणि त्यांचा उपाय त्याच अनुभवातून आलेला असावा. परंतु संपूर्ण भांड्याचा आतला पृष्ठभाग आणि एक नाणे यांत फार अंतर आहे, आणि शिवाय आजचे रुपयाचे नाणे पोलादाचे असते. जाऊबाईंच्या ॲस्पिरिनने पाणी किंचित आंबट होते, पण ती गोळी फुलाला अन्न देत नाही आणि जिवाणूंनाही रोखत नाही. आंबटपणाच हवा असेल तर अर्धे लिंबू ते काम अधिक चांगले करते. राहिली आपली साखर. तोडलेल्या फुलाला, विशेषतः उमलायच्या कळ्यांना, साखर खरोखरच उपयोगी पडते, पण नुसती साखर घातलेले पाणी हे जिवाणूंसाठी मेजवानीच ठरते. तिन्ही उपायांत जिवाणूंना आवरणारे काहीच नव्हते आणि त्यांना पोसणारी साखर मात्र होती, म्हणून पाणी एक दिवस आधी नासले.

साखरेबरोबर जिवाणूंना आवर घालणारे काहीतरी आणि पाणी आंबट ठेवणारे काहीतरी, असे तिन्ही एकत्र आले तरच मेळ बसतो. एक लिटर पाण्यात दोन ते तीन सपाट चहाचे चमचे साखर विरघळवावी, त्यात अर्ध्या लिंबाचा रस गाळून घालावा आणि शेवटी पांढऱ्या कपड्यांसाठी घरात असते ते साधे, वास नसलेले द्रव ब्लीच पाव चहाचा चमचा घालावे. ब्लीच आणि लिंबाचा रस कधीही थेट एकमेकांत मिसळू नयेत, कारण त्यातून घशाला झोंबणारा क्लोरिन वायू सुटतो. लिटरभर पाण्यात दोन्ही वेगवेगळे घातले तर तशी भीती नाही. ब्लीच "जरा जास्त" घालण्याचा मोह टाळावा, नाहीतर पाण्यातले देठ आणि पाने पांढरी पडू लागतात. हे पाणी दर दोन दिवसांनी पूर्ण बदलावे आणि प्रत्येक वेळी देठ अर्धा इंच नव्याने कापावा, कारण नळ्या बुजतात त्या प्रामुख्याने खालच्या टोकाशीच. जुन्या पाण्यात वरून भर घालणे म्हणजे नासलेल्या दुधात ताजे दूध ओतण्यासारखे आहे.

सोसायटीच्या पाण्याची आपली शंका रास्त आहे. बोअरचे पाणी जड असते आणि त्यातले क्षार लिंबाचा आंबटपणा मारून टाकतात. सॉफ्टनर हे क्षार काढतो, पण त्यांच्या जागी सोडियम सोडतो, आणि गुलाबाला ते जड पाण्याहूनही अधिक बाधते. कपड्यांना आणि गीझरला जे पाणी चांगले, ते फुलांना चांगले असतेच असे नाही. आपल्याकडे पिण्यासाठी आरओ यंत्र असेल तर त्याचे शुद्ध पाणी वापरावे. फुलांना एका वेळी लागते ते फार तर दोन लिटर. यंत्राच्या दुसऱ्या नळीतून वाया जाणारे पाणी मात्र या कामी घेऊ नये, क्षार त्यातच साठलेले असतात. ते फरशी पुसायला ठेवावे.

फुलांच्या जातींत स्वभावभेद असतो, तेव्हा आपल्या तिघांविषयी वेगळे लिहिते.

जर्बेराचा देठ वर पोकळ आणि मऊ, पण तळाशी दीड-दोन इंच भरीव असतो. हा भरीव भाग तसाच राहिला तर पाणी नीट चढत नाही, म्हणून पोकळी दिसेपर्यंत तो कापून टाकावा. याच्या लवदार देठावर जिवाणू फार लवकर धरतात आणि खोल पाण्यात तो कुजतो, त्यामुळे जर्बेराला तीन-चार बोटेच पाणी पुरते, मात्र ते रोज पाहावे लागते. त्याला मी साखर देत नाही, नुसते ब्लीचचे दोन-तीन थेंब देते. बाजारात फुलाखाली घातलेली प्लॅस्टिकची टोपी घरी आल्याबरोबर काढू नये. देठ पाणी पिऊन ताठ होईपर्यंत ती मानेला आधार देते. गुलाब आणि जर्बेरा एकाच भांड्यात ठेवल्यामुळे आपल्याकडे दोघांचीही गैरसोय होत होती, कारण एकाला भरपूर पाणी लागते आणि दुसऱ्याला ते सोसत नाही.

निशिगंधाच्या छडीवर खालून वर अशी फुले उमलत जातात. खालची दोन-तीन फुले उमललेली आणि त्यांच्या वरच्या कळ्या टपोऱ्या असलेली छडी घ्यावी. पूर्ण हिरव्या कळ्यांची छडी घरी क्वचितच पुरती उमलते. मांडणीसाठी दुहेरी पाकळ्यांचा निशिगंध बरा. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने दिलेल्या 'फुले रजनी'सारख्या एकेरी वाणांची फुले मुख्यतः सुटी तोडून हारांसाठी विकली जातात, आणि त्याच सुट्या फुलांना आपल्या बाजारात गुलछडी म्हणतात. शेंड्याच्या चार-पाच बारीक कळ्या पहिल्याच दिवशी खुडाव्यात, म्हणजे छडीतले बळ खालच्या कळ्यांना मिळते. सुकलेले फूल रोज काढावे. साखरेचा खरा गुण दिसतो तो या फुलाला.

गुलाबाने मान टाकली तरी पाकळ्या ताज्या असतील तर आशा सोडू नये. देठ दोन इंच कापून, मान सरळ राहील अशा बेताने सगळी जुडी वर्तमानपत्रात घट्ट गुंडाळावी आणि हाताला सोसेल इतक्या कोमट पाण्यात खोलवर उभी करून दीड-दोन तास अंधाऱ्या, गार खोलीत ठेवावी. कोमट पाणी गार पाण्यापेक्षा सहज चढते आणि अडकलेल्या हवेला वाट देते. कागद सोडल्यावर मान सरळ झालेली दिसली की आपल्यालाच जिंकल्यासारखे वाटते. पाकळ्याच मलूल झाल्या असतील तर मात्र हा खटाटोप करू नये.

आता जागेविषयी, कारण आपण जेवणाचे टेबल लिहिले आहे आणि हे दिवस आंब्यांचे आहेत. पिकणाऱ्या फळांतून इथिलीन नावाचा वायू बाहेर पडतो. त्याला रंग नसतो, आणि पिकणाऱ्या फळांभोवती असतो तेवढ्या प्रमाणात वासही जाणवत नाही, पण आंबे एकमेकांना पिकवतात ते त्याच्याच जोरावर, आणि फुलांना म्हातारपण आणतो तोही हाच. आढी लावलेल्या खोलीत किंवा आंब्या-केळ्यांच्या टोपलीशेजारी फुले ठेवू नयेत. हा धडा मी स्वतः महागात शिकले आहे: प्रदर्शनासाठी आणलेली कार्नेशनची सोळा फुले मी आदल्या रात्री ज्या खोलीत ठेवली, तिथेच कोपऱ्यात पिकत ठेवलेली चिकूंची पाटी होती. सकाळी सगळ्या पाकळ्या आत मिटून फुले झोपल्यासारखी झाली होती, आणि ती पुन्हा उमलली नाहीत. कार्नेशन या बाबतीत सर्वांत हळवे, गुलाब त्यामानाने सोशिक, पण निर्धास्त कोणीच नाही. धुरातही हा वायू असतो, म्हणून उदबत्ती फुलदाणीला खेटून लावू नये.

पुण्यात एप्रिल-मे महिन्यांत दुपारचा पारा चाळिशीकडे जातो आणि हवा कोरडी असते, तेव्हा पंख्याखालचे फूल जितके पाणी चढवते त्याहून अधिक गमावते. दिवसा फुले पंख्याच्या झोतापासून दूर, खिडकीच्या उन्हाबाहेर ठेवावीत. टीव्हीच्या किंवा फ्रिजच्या माथ्यावर तर नकोतच, तिथे सतत ऊब असते. रात्री निजण्यापूर्वी भांडे उचलून न्हाणीघराच्या गार फरशीवर ठेवण्याची सवय लावली तर निदान एक-दोन दिवसांची भर पडते असा माझा अनुभव आहे. मोकळ्या फ्रिजमध्ये गुलाब चालतात, पण त्यात फळे ठेवलेली नसावीत. अँथुरियम आणि ऑर्किड मूळची उष्ण प्रदेशातील, ती फ्रिजमध्ये काळवंडतात.

साखरपुड्याच्या फुलांसाठी शुक्रवार योग्य आहे, पण सगळीच फुले शुक्रवारी आणू नयेत. गुलाब आणि, घेणार असाल तर, लिली शुक्रवारी पहाटे गुलटेकडीच्या मार्केट यार्डातील फुलबाजारातून आणावीत. मावळातल्या हरितगृहांतले गुलाब तिथे वीस-वीसच्या जुड्यांनी मिळतात, आणि दोन दिवसांत ते हवे तितके उमलतात. लिलीच्या कळ्यांना तर दोन-तीन दिवस द्यावेच लागतात. तिचे फूल उमलू लागताच आतले परागांचे तुरे चिमटीने काढावेत, नाहीतर नव्या साडीवर पडलेला तो केशरी डाग जाता जात नाही. घरात मांजर असेल तर लिली आणूच नये, तिचे सगळेच भाग मांजराला विषारी असतात. निशिगंध आणि जर्बेरा शनिवारी सकाळी आणावेत. आणलेली फुले तशीच मांडायला घेऊ नयेत. देठ कापून, स्वच्छ बादलीत गळ्यापर्यंत पाण्यात, घरातल्या सर्वांत गार आणि अंधाऱ्या खोलीत चार-पाच तास उभी करावीत आणि जर्बेराला तेवढे उथळ पाणी द्यावे. लग्नघरांत फुले सकाळी ताजी आणि संध्याकाळी मलूल दिसतात, त्याचे कारण बहुतेक वेळा ही गाळलेली पायरी असते.

मुलीला हिरव्या स्पंजात रचना करायची असेल तर तो ठोकळा बादलीत हाताने दाबून बुडवू नये, असे तिला अवश्य सांगावे. दाबल्याने मध्यभागी हवा कोंडते आणि बाहेरून ओला दिसणारा ठोकळा आतून कोरडा राहतो. पाण्यावर नुसता सोडावा, तो आपोआप जड होऊन खाली बसतो. त्यात देठ एकदा खोवला की पुन्हा उपसून मागे-पुढे करू नये, कारण रिकाम्या भोकात पाणी नसते. रचना शनिवारी रात्री पूर्ण करून त्याच गार खोलीत ठेवावी, आणि रविवारी सकाळी स्पंजावर थोडे पाणी सोडून मगच दिवाणखान्यात आणावी. पाकळ्यांवर पाण्याचे फवारे मारण्याची गरज नाही, विशेषतः निशिगंधावर. त्याने डागच पडतात.

मोगऱ्याच्या गजऱ्यांना मात्र यातले काहीच लागू पडत नाही, कारण त्यांना पाणी चढवायला देठच उरलेला नसतो. असलेला ओलावा जपणे एवढेच आपल्या हाती. शनिवारी संध्याकाळी मंडईतून आणलेत तर पातळ सुती फडके ओले करून घट्ट पिळावे, केळीच्या पानावर अंथरून त्यात गजरे सैलसर गुंडाळावेत आणि झाकणाच्या स्टीलच्या डब्यात घालून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवावेत. पाण्याचा थेंब पाकळीला थेट लागला तर ती सकाळी तपकिरी झालेली दिसेल. डबा कार्यक्रमाच्या अर्धा तास आधी बाहेर काढावा, पण गजरे माळायच्या वेळेपर्यंत झाकण उघडू नये.